पत्राला उत्तर द्यावे

करळ फाट्याला ट्रेलरची रांग हलायचं नाव घेत नाही आणि तुम्हाला मोऱ्याची लाँच गाठायची आहे. ओहोटी लागली की मोरा बंदरात गाळ उघडा पडतो, लाँच लागत नाही. मग बसा पुढच्या भरतीची वाट बघत. रिक्षावाला कुठूनतरी आडवाटेने काढतो. रात्रपाळी संपवून तुम्ही तसेच निघाला आहात, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट अजून अंगात आहे. बोटांची पेरं सुजलेली. रात्रभर जहाजाच्या डेकवर कंटेनरचे टर्नबकल ढिले करायचे, लॅशिंगचे लांबलचक रॉड सोडवून खाली घ्यायचे. रॉड उभा धरला की त्याचं वरचं टोक वाऱ्यावर हलतं आणि खालचा माणूस त्याच्याबरोबर हलतो. क्रेन थांबत नाही. क्रेनच्या हालचाली संगणक मोजतो, तुमच्या मनगटाचं तो काही मोजत नाही.

खिशात एका पत्राची झेरॉक्स आहे. ज्या ठेकेदाराच्या हजेरीवर तुम्ही आहात, त्याला तुमच्या युनियनने लिहिलेलं. मागण्या काही आभाळाला भिडणाऱ्या नाहीत: हातमोजे, रात्रपाळीचा भत्ता, आणि बोलायला एक वेळ. आवक शिक्का आहे, तारीख आहे. उत्तर नाही.

आज २१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. मोबाइलवर बातमी येऊन पडली आहे: चारही कामगार संहिता आजपासून लागू. त्यातली एक औद्योगिक संबंध संहिता. तिच्यात लिहिलंय की हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ज्या युनियनला, तिच्याशीच मालकाने वाटाघाटी करायच्या. ग्रुपवर एकाने अंगठा टाकलाय. दुसऱ्याने लिहिलंय, आता संप विसरा. तुम्ही दोघांनाही उत्तर देत नाही. लाँचच्या लाकडी बाकावर टेकता, आणि झोप कधी लागली ते कळत नाही.

जाग येते ती इंजिनाच्या आवाजाने. हा आवाज डिझेलचा नाही. धुराडं आहे, कोळशाचा वास आहे. मागे वळून बघता तर न्हावा शेव्याच्या निळ्या-पिवळ्या क्रेन गायब. खाजण, तिवरं, आणि मिठागरांच्या कडेला मिठाच्या पांढऱ्या राशी. शेवा गाव आपल्या मूळ जागी आहे. पाणज्याच्या बाजूला चिखलात निवट्या उड्या मारत असणार. उजव्या हाताला घारापुरी तेवढी होती तिथेच आहे. मुंबईच्या बाऱ्यात करड्या रंगाच्या युद्धनौकांची रांग. शेजारचा माणूस तुमच्या जाकिटाकडे बघून जरा सरकून बसतो. त्याच्या हातातल्या वर्तमानपत्रावर तारीख आहे: नोव्हेंबर १९४३.

धक्क्यावर उतरलात की गोदीच्या दाराशी चला. व्हिक्टोरिया डॉक, प्रिन्सेस डॉक, अलेक्झांड्रा डॉक, कुठेही जा, चित्र तेच. दाराबाहेर माणसांचा थवा उभा आहे. बहुतेक उघडे किंवा बंडीत, खांद्यावर टॉवेल, हातात हूक. समोर टोळीवाला. तो बोलत नाही, बोट दाखवतो. तू. तू. तू नको. ज्याच्याकडे बोट गेलं तो आत, उरलेले उद्या. काल आत गेला होता म्हणून आज जाईल असं नाही. जहाज कंपनी स्टीव्हडोरला ओळखते, स्टीव्हडोर टोळीवाल्याला ओळखतो, आणि टोळीवाल्याला ज्याच्याकडून हप्ता पोचतो तो ओळखीचा होतो. व्हिटले कमिशनने १९३१ सालीच अहवालात सांगितलं होतं की गोदीतली ही रोजची चिठ्ठी बंद करा, कामगारांची नोंद ठेवा. बारा वर्षं झाली, दारावर नोंदवही अजून आलेली नाही.

एक जाणता माणूस विडी शिलगावत उभा आहे. आज त्याला बोट लागलेलं नाही.

"दादा, युनियन आहे ना तुमची?"

"हाय की. रजिस्टर हाय."

"मग साहेबाशी बोलत का नाही?"

तो तुमच्याकडे असा बघतो की तुम्ही आत्ताच बोटीतून उतरलात. ते खरंच आहे म्हणा. "साहेब वळखत न्हाई. सरकारनं वळख दिली, साहेबानं न्हाई."

कायद्याच्या पुस्तकात जे चार पानं घेतं ते या माणसाने विडीच्या एका झुरक्यात सांगितलं. १९२६च्या कायद्याने सात जणांना एकत्र येऊन युनियन नोंदवता येते. नोंदवली की संप केला म्हणून फौजदारी कटाचा खटला भरता येत नाही, नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. सगळं ठीक. फक्त मालकाने त्या युनियनशी बोललंच पाहिजे असं त्या कायद्यात कुठेही नाही. तुम्ही नोंदवहीत आहात, त्याच्या खोलीत नाही.

तर पुढची पायरी चढा. गोदीच्या दाराची नव्हे, दिल्लीच्या असेंब्लीच्या गॅलरीची. तारीख १३ नोव्हेंबर १९४३. अर्धवर्तुळाकार सभागृह, वर पंखे, खाली सूट, शेरवान्या आणि टोप्या. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर खात्याचे सभासद उभे राहतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पाच वर्षांपूर्वी, ७ नोव्हेंबर १९३८ला, हेच गृहस्थ मुंबईत कामगार पुढारी डांगे-परुळेकरांसोबत संपाचं नेतृत्व करत होते. मुंबई सरकारचं औद्योगिक तंट्यांचं विधेयक संपाचा हक्क काढून घेतं म्हणून. आज ते सरकारी बाकावर आहेत आणि हातात ट्रेड युनियन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आहे. त्याचा सांगाडा तीन कलमी. मालकाला युनियनला मान्यता द्यावी लागेल. त्यासाठी युनियनने काही अटी पुऱ्या कराव्या लागतील. आणि अटी पुऱ्या करूनही मालकाने मान्यता नाकारली, तर तो गुन्हा.

गॅलरीतून खाली नीट बघा, कोण कुठे बसलंय. गिरणीमालकांच्या संघटनेला या सभागृहात आपला माणूस निवडून पाठवण्याचा हक्क आहे. व्यापाऱ्यांनाही आहे. कामगारांचा माणूस सरकार नेमतं. मालकांच्या देशभराच्या दोन मोठ्या संघटना १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपासून उभ्या आहेत, एम्प्लॉयर्स फेडरेशन ऑफ इंडिया आणि ऑल इंडिया ऑर्गनायझेशन ऑफ इंडस्ट्रियल एम्प्लॉयर्स. म्हणजे मालकांनी आपली युनियन केव्हाच केली आहे, आणि तिला सरकारदरबारी मान्यता मिळवायला कुणाच्या दारात बोटाची वाट बघावी लागलेली नाही.

मालकांचा विरोध कसा असतो हे ऐकायला तुम्ही कान टवकारून बसता. आरडाओरडा अपेक्षित असेल तर निराशा होईल. मालकपक्षाचं म्हणणं सभ्य, इस्त्री केलेलं आहे. मान्यता ही परस्पर सद्भावनेतून यावी, कायद्याच्या बडग्याने नाही. युनियन अजून लहान आहेत, वर्गणीदार थोडे, हिशेब कच्चे. त्यांचे पुढारी कारखान्यातले नाहीत, वकील आणि राजकारणी आहेत. एका गिरणीत तीन युनियन निघाल्या तर कुणाशी बोलायचं? आणि युद्ध चालू आहे, उत्पादन आधी. यातला एकेक मुद्दा सुटा घेतला तर साफ खोटा एकही नाही. हीच त्यांची ताकद. युनियन लहान होत्याच. फक्त त्या लहान का राहिल्या, वर्गणी देणाऱ्याचं नाव साहेबाला कळलं की दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे बोट का वळत नाही, ते कुणी बोलत नाही.

आणि मग ते होतं ज्याची बातमी होत नाही. विधेयक लोकमतासाठी फिरवलं जातं. प्रांतिक सरकारांकडे, मालकांच्या संघटनांकडे, कामगारांच्या संघटनांकडे. फिरवणं यात वाईट काही नाही, लोकशाहीत फिरवायलाच हवं. पण फिरायला गेलेला कागद परत कधी येतो ते बघत राहा.

समोरच्या बाकावर एक साधासुधा गृहस्थ बसला आहे, वय चौसष्ट. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नाही. नारायण मल्हार जोशी. तुमच्याच जिल्ह्याचा माणूस: कुलाब्यातलं गोरेगाव, माणगावच्या अंगाचं. सोशल सर्व्हिस लीग काढणारे, १९२० साली आयटक ही देशभरच्या युनियनची संघटना उभी करणाऱ्यांतले. त्यांनी कागद फिरताना आधीही पाहिला आहे. त्यांच्या नजरेच्या रोखाने बघा म्हणजे सभागृह बदलेल.

१ मार्च १९२१. दिल्लीतच, पण जुन्या सचिवालयाच्या इमारतीत. जोशी बेचाळिशीच्या आतले आहेत, केस काळे. ते ठराव मांडतात की सरकारने कामगार संघांची नोंदणी आणि संरक्षण करणारा कायदा आणावा. ठरावामागे मद्रासची ताजी जखम आहे. बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांची युनियन बी. पी. वाडियांनी बांधली, मालक हायकोर्टात गेले आणि १९२०च्या शेवटी वाडियांवर मनाई हुकूम आला. कामगारांना कामाचा करार मोडायला लावतात, हा आक्षेप. युनियन बांधणं हाच दाव्याचा विषय होऊ शकतो, हे त्या दिवशी देशभर कळलं.

जोशींचा ठराव मंजूर होतो. टाळ्या वाजतात. तुम्हाला वाटतं, झालं. आता मोजा. विधेयक सभागृहात आलं ३१ ऑगस्ट १९२५ला. त्यावर मंजुरीची सही झाली २५ मार्च १९२६ला. कायदा लागू झाला १ जून १९२७ला. ठराव मंजूर होऊन सव्वासहा वर्षं. मधल्या काळात मालकांच्या संघटनांनी पत्रं लिहिली, मतं कळवली, अटी सुचवल्या. त्यांचा सगळ्यात मोठा राग बाहेरच्या पुढाऱ्यांवर, आणि कायद्यात अट पडलीच: युनियनचे किमान निम्मे पदाधिकारी त्या उद्योगात प्रत्यक्ष काम करणारे हवेत. गंमत अशी की गिरणीमालकांच्या संघटनेने पगारी चिटणीस ठेवला तर त्याने आधी साच्यावर काम केलेलं असावं अशी अट कुणी कधी सुचवली नाही.

मान्यतेचं कलम त्या कायद्यात आलंच नाही. १९४३ला आंबेडकर जे मागत आहेत ते १९२६चं उरलेलं काम आहे.

फेब्रुवारी १९४६. कागद फिरून आला आहे. आंबेडकर सुधारलेलं विधेयक पुन्हा मांडतात, ते प्रवर समितीकडे जातं. असेंब्ली बदलते, झेंडा बदलतो, मजूर मंत्री जगजीवन राम होतात. आणि १९४७च्या हिवाळ्यात, ऐन फाळणीच्या धामधुमीत, ते मंजूर होतं. १९४७चा ४५ क्रमांकाचा कायदा. स्वतंत्र भारताच्या पहिल्या काही कायद्यांतला हा एक, आणि त्याचं नाव आज शंभरात एका युनियनवाल्याला माहीत नसेल.

राजपत्राची प्रत हातात घ्या, कागद अजून कोरा करकरीत आहे. मालक मान्यता देत नसेल तर युनियनने कामगार न्यायालयात जायचं. न्यायालय तपासणार की ही युनियन त्या मालकाच्या कामगारांची खरोखर प्रतिनिधी आहे का, नियमांत कुणाला वगळलंय का, संप पुकारायची पद्धत लिहिलीय का. पटलं तर मान्यतेचा हुकूम. मग २८-एफ कलम वाचा, हळू वाचा. मान्यताप्राप्त युनियनच्या कार्यकारिणीला नोकरीच्या बाबतीत मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क राहील. मालकाने तिची पत्रं स्वीकारावीत, पत्रांना उत्तरं पाठवावीत आणि भेट द्यावी. युनियनला कामाच्या जागी आपली नोटीस लावता येईल. पुढे मालकांच्या अनुचित प्रथांची यादी: युनियन बांधण्यात आडकाठी करणं, युनियनच्या पदाधिकाऱ्याला त्या कारणाने काढणं. दंड एक हजार रुपयांपर्यंत, १९४७चे हजार.

पत्राला उत्तर पाठवावे. एवढीशी गोष्ट कायदेमंडळाला कायद्यात घालावी लागली. तुमचा हात नकळत खिशाकडे जातो.

आता पहिल्या कलमाकडे परत या, जिथे कुणी बघत नाही. हा कायदा केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करील त्या तारखेपासून अमलात येईल. तुम्ही दिल्लीच्या सचिवालयात त्या तारखेच्या शोधात निघता. १९४८. तारीख नाही. त्या वर्षी गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा मात्र झाला आणि १९५१ पासून मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. टोळीवाल्याचं बोट गेलं, नोंदवही आली, काम नसेल त्या दिवशीचा हजेरीचा पैसा आला. विडीवाल्या दादांच्या हाती काही पडलं, हे कबूल केलं पाहिजे. १९४९. तारीख नाही. १९५० साली सरकारने म्हटलं, दुरुस्त्या कशाला, आपण नवा सर्वंकष कायदाच करू. कामगार संबंध विधेयक आणि ट्रेड युनियन विधेयक अशी दोन मोठी विधेयकं आली. मालक नाराज, या खेपेला युनियनही नाराज, आणि हंगामी संसद संपली तशी दोन्ही विधेयकं संपली. जुन्या कायद्याला तारीख द्यायला मग कुणी परतलं नाही. १९५८ साली शिस्तसंहिता आली: सगळ्यांनी मिळून मान्य केलेली, १५ टक्के सभासद असतील तर मान्यतेचा दावा सांगता येईल अशी, आणि मोडली तर कुणाचं काही बिघडत नाही अशी.

लायब्ररीत ट्रेड युनियन कायद्याचं कुठलंही जुनं पुस्तक उघडा. १९४७च्या त्या सगळ्या कलमांखाली बारीक अक्षरात टीप असते: ही कलमं अजून अमलात आलेली नाहीत. वर्षामागून वर्षं आवृत्त्या निघाल्या, किमती वाढल्या, टीप तीच.

माझं मत विचाराल तर मालकांचा खरा विरोध भाषणांत शोधू नये, तारखांत शोधावा. विधेयकाला नाही म्हणणारा माणूस इतिहासात नोंदला जातो. ते अमलात आणायची घाई नको, आणखी थोडा विचार करू, असं म्हणणाऱ्याची नोंद कुठेच नसते. आणि इथे हेही सांगायला हवं की सरकार स्वतः या देशातला सगळ्यात मोठा मालक आहे. रेल्वे त्याची, टपाल त्याचं, बंदरं त्याची. आपल्याच टेबलावर कुणाला बसवायची सक्ती करणारी तारीख जाहीर करायला त्याचा हात कचरला असेल, तर त्यासाठी कुणा गिरणीमालकाने कान भरायची गरज नव्हती.

८ सप्टेंबर १९७५. आणीबाणी लागून अडीच महिने झालेत, मंत्रालयाबाहेर चिडीचूप. याच दिवशी महाराष्ट्रात एक कायदा लागू होतो: कामगार संघांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध. बोलीभाषेत एमआरटीयू. समिती नेमली १९६८ला, कायदा १९७२चा क्रमांक एक, लागू १९७५ला. दिल्लीला न जमलेलं काम मुंबईने केलं, तेही सात वर्षं घेऊन. पन्नास किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेत सहा महिने ३० टक्के सभासद दाखवा, औद्योगिक न्यायालय मान्यता देईल. माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा हंगामी ठेवून कायमपणापासून वंचित करणं ही अनुचित प्रथा. करार करून तो न पाळणं ही अनुचित प्रथा. पुढची कित्येक वर्षं कारखानदारांच्या तक्रारींत या कायद्याचा नंबर फार खाली कधी गेला नाही, यावरूनच त्याची धार कळावी.

गिरणगावात सहा वर्षांनी उतरा, १८ जानेवारी १९८२. सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपासाठी बाहेर पडले आहेत. मालक काय म्हणतात? आम्ही कायद्याने बांधलेले आहोत, मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला आहे, त्याच्याशीच बोलू. गिरण्यांना १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता आणि त्यात प्रतिनिधी युनियन एकच. मान्यतेची सक्ती नको म्हणणारी हीच जमात आज मान्यतेच्या कलमामागे लपून बसली आहे. यावर अधिक बोलायला नको, गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते तुम्ही लोकल ट्रेनमधून रोज बघता.

घराकडे वळा. १६ जानेवारी १९८४, जासई. बंदरासाठी आणि नव्या मुंबईसाठी जमिनी घेतल्या आहेत आणि भावावर वाद पेटला आहे. दास्तान फाट्याच्या बाजूने माणसं निघाली आहेत, बाया पुढे, डोक्यावरचे पदर खोचलेले, आगरी आवाज एकात एक मिसळलेले. पुढारी दि. बा. पाटील, याच जासईचे, शेतकरी कामगार पक्षाचे. पोलिसांची फळी समोर. इथे तुम्ही काही करू शकत नाही, येणाऱ्या काळाची माहिती खिशात असूनही. आज आणि उद्या मिळून गोळीबारात पाच माणसं मरणार आहेत. सरकारने शेतकऱ्यांच्या समितीशी बोललंच पाहिजे असं सांगणारा कायदाही या देशात नव्हता. ते बोलणं पाच जिवांनंतर झालं, आणि त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं सूत्र पुढे आलं. शेवा कोळीवाड्याची माणसं उरणजवळ बोरी पाखाडीला हलवली गेली, वाळवी लागलेल्या जागेत. त्यांचं भांडण पुढे कित्येक वर्षं चालू राहिलं.

२६ मे १९८९. जवाहरलाल नेहरू बंदर सुरू होतं. ज्या बांधावरून तुमचे आजोबा मीठ ओढत होते तिथे आता भिंत आहे, गेट आहे, पास आहे. या भिंतीकडे नीट बघा, कारण तिच्यावर न लिहिलेली एक ओळ आहे. भिंतीबाहेरच्या गोदामात, कारखान्यात राज्य सरकारचा अंमल: तिथे एमआरटीयू, तिथे ३० टक्के, तिथे औद्योगिक न्यायालय. भिंतीच्या आत मोठं बंदर, म्हणजे औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे समुचित सरकार केंद्राचं, आणि एमआरटीयू फक्त तिथेच चालतो जिथे समुचित सरकार राज्याचं. आत मान्यतेचा कायदा कुठला? तोच, १९४७चा, तारीख न मिळालेला. जासईहून निघालेला तरुण गेटच्या या बाजूला ज्या हक्काचा माणूस असतो, पन्नास पावलं आत गेला की त्या हक्काचा राहत नाही. उरतात त्या शिस्तसंहिता, केंद्रीय कामगार आयुक्तांपुढची समेटाची बोलणी, आणि आपापली ताकद.

बंदराच्या कायम कामगारांची ती ताकद होती. त्यांच्या युनियननी वेतनकरार केले, विश्वस्त मंडळात कामगारांचे प्रतिनिधी बसले. मग १९९९ला देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल इथेच चालू झालं. २००६ला आणखी एक. २०१८ला अजून एक. २०२२ला बंदराचं स्वतःचं टर्मिनलही खासगी हाती गेलं. कायम माणसं निवृत्त होत गेली, आणि तुमच्यासारखे ठेकेदाराच्या हजेरीवर आत आले. तुमचं प्रकरण कुठे गेलंच तर पहिली भांडाभांडी यावर, की समुचित सरकार कोणतं. वकिलांचं त्यात बरं चालतं.

लाँच मोऱ्याला लागते. डिझेलचा आवाज, क्रेन जागेवर, तारीख तीच: २१ नोव्हेंबर २०२५. अख्खी दुपार गेली, भरती पुन्हा आली.

म्हणजे आज भिंतीच्या आतही पहिल्यांदा लेखी आलं की मालकाने बोलायचं. संहिता संसदेत मंजूर झाली सप्टेंबर २०२०ला, लागू आज. पाच वर्षं इथेही गेली, पण या खेपेला बाजू उलट्या होत्या. उद्योगांच्या संघटनांनी स्वागत केलं, केंद्रीय कामगार संघटनांपैकी बहुतेक रस्त्यावर उतरल्या. कारण मान्यता एकटी आली नाही. संपाला चौदा दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांना. समेटाची बोलणी चालू तोवर संप बेकायदा. पन्नास टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून एका दिवशी रजा टाकली तर तोही संपच. तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपात करताना, टाळं लावताना सरकारची परवानगी नको. आधी हा आकडा शंभर होता. आंबेडकरांच्या विधेयकात मालकाने मान्यता नाकारणं हा गुन्हा होता. इथे बेकायदा संपालाही शिक्षा आहे. खोलीचं दार उघडलं, पण आत जाताना हातातलं हत्यार बाहेर ठेवायला सांगितलं, असा हा सौदा आहे, आणि तो वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. छोट्या युनियनला बोलायची जागा मिळणं हे संपाच्या कागदी हक्कापेक्षा मोठं असू शकतं. पण ज्यांनी १९२१ पासून या दाराला कडी लावून धरली होती त्यांनी ते आज हसतमुखाने का उघडलं, एवढं तरी विचारायला हवं.

उरणला संध्याकाळी मीटिंग आहे. समाजमंदिराच्या हॉलमध्ये सतरंजी, वर कुरकुरणारा पंखा, कुणीतरी वडापाव आणलेत. संहितेचं मराठी भाषांतर एकाच्या मोबाइलवर आहे आणि तो मोठ्याने वाचतोय. हजेरीपटावरील कामगारांच्या ५१ टक्के. कुणालाच तेवढे मिळाले नाहीत तर प्रत्येक वीस टक्क्यांमागे एक प्रतिनिधी धरून वाटाघाटी परिषद.

"कुणाचा हजेरीपट?" मागून आवाज येतो.

वाचणारा थांबतो. टर्मिनलचा म्हणावं तर त्यावर तुमचं नाव नाही. ठेकेदाराचा म्हणावं तर जहाज एक, ठेकेदार तीन, आणि एकाच कंटेनरचा एक कोपरा एकाच्या माणसाने सोडवलेला, दुसरा दुसऱ्याच्या.

"ठेकेदाराचाच धरू," कोषाध्यक्ष काका म्हणतात. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी नावं लिहायला घेतली आहेत. "समजा त्याच्याकडे ऐंशी जण. आपल्याला एक्केचाळीस पाहिजेत. आज रात्रीत होतील."

"होतील काका. मान्यता तीन वर्षांची आहे म्हणतात."

"मग?"

"मग काय? ठेका मार्चला संपतोय. नवीन आला की नवीन मस्टर. परत एकपासून मोजा."

काका पेन खाली ठेवत नाहीत. "मोजू," म्हणतात, "तुझं नाव सांग आधी. आणि त्या दुसऱ्या ठेकेदाराच्या पोरांना बोलवा उद्या. त्यांचीही वेगळी यादी करू. टर्मिनलला नोटीस तिन्ही याद्या जोडूनच द्यायची, मग सांगू दे त्यांना कोर्टात की ही माणसं आमची नाहीत."